गॅस संपत नाही, गळतो

पिशवीत गॅसचा सिलिंडर आणि हातात वजनकाटा घेऊन कॉलेजच्या गेटवर गेलात तर वॉचमन अडवणारच. मलाही अडवलं. "काय आहे यात?" मी खरं ते सांगितलं, "गॅस." तिथेच चुकलं. पुढची दहा मिनिटं मी गेटबाहेर घाम पुसत उभा, आणि आत सभागृहात 'हवामान बदल आणि करिअरच्या संधी' सुरू झालेलं.

शेवटी ज्या मॅडमनी बोलावलं होतं त्या धावत आल्या. "अहो दादा, पाहुणे आहेत ते आपले." वॉचमनने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा सिलिंडरकडे, आणि रजिस्टरमध्ये 'कामाचे स्वरूप' या रकान्यात लिहिलं, 'एसी रिपेअर'.

त्याचं तरी काय चुकलं म्हणा. मी पूर्व उपनगरातल्या एका शासकीय आयटीआयमध्ये शिल्पनिदेशक आहे. ट्रेड रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग, म्हणजे फ्रिज आणि एसी. दहावीनंतरचा दोन वर्षांचा कोर्स. एकोणीस वर्षं शिकवतोय, त्याआधी दहा वर्षं हातात पाना होता. कॉलेजवाल्यांनी मला बोलावलं ते १६ सप्टेंबरला, ओझोन दिनाच्या निमित्ताने. मॅडमचा फोन आला तेव्हा मला वाटलं, राँग नंबर लागलाय. "मॅडम, हवामान बदल म्हणजे तुम्हाला कोणीतरी सायंटिस्ट पाहिजे असेल." त्या म्हणाल्या, "सायंटिस्ट आहेत, सर. हाताने काम करणारं कोणी नाहीये."

माझ्याआधी तिघे बोलले. पहिल्या दोघांच्या बोलण्यात ईएसजी, कार्बन क्रेडिट, सस्टेनेबिलिटी कन्सल्टंट असे शब्द होते आणि पडद्यावर हिरवी पानं. वाईट बोलले असं नाही, पण पुढच्या रांगेतली दोन पोरं माना खाली घालून मोबाइलवर रील बघत होती, ते मला दिसत होतं. तिसऱ्या बाई हवामानाचा अभ्यास करणाऱ्या, त्या मात्र छान बोलल्या. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे त्यांनी सांगितलं तेव्हा पोरांना विशेष काही वाटलं नाही. वाटणार कसं? समोर बसलेल्या पोरांपैकी एकही तेव्हा जन्मलेला नव्हता. मी मात्र मागे बसल्या बसल्या त्या रात्रीत पोचलो. कालिन्याच्या एका ऑफिसात कंप्रेसर बदलायला गेलो होतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिथेच जिन्यात अडकलो. पुढचे तीन महिने बुडालेली आउटडोअर युनिट उघडण्यात गेले. आयुष्यात इतका ओव्हरटाइम मी कधी केला नाही. त्या तीन महिन्यांत किती गॅस सोडला, हे तेव्हा मोजावंसंही वाटलं नव्हतं.

माझी पाळी आली तेव्हा बारा मिनिटं उरली होती. मी विचारलं, "घरी एसी कोणाकोणाकडे आहे?" अर्ध्याहून जास्त हात वर. "दर उन्हाळ्यात गॅस भरून घेता का?" पालकांनाही बोलावलं होतं, त्यांतल्या बऱ्याच जणांनी माना डोलावल्या.

"एसीचा गॅस संपत नाही," मी म्हणालो. "पेट्रोल नाहीये ते. तोच गॅस आत जातो, घरातली उष्णता पितो, बाहेर जातो, ती बाहेर टाकतो आणि परत आत येतो. बंद नळीतला प्रवास आहे. पंधरा वर्षं मशीन चाललं तरी त्यात पहिल्या दिवशी भरलेलाच गॅस असायला पाहिजे. कमी झाला याचा अर्थ एकच, कुठेतरी भोक आहे."

तिसऱ्या रांगेतल्या एक ताई उठल्या. "मग आमच्याकडे तीन वर्षं दरवर्षी येऊन भरतो, तो गॅस जातो कुठे?"

"हवेत, ताई."

रीलवाली पोरं वर बघायला लागली.

आता हा गॅस हवेत जातो म्हणजे नेमकं काय होतं, हे पोरांना कसं सांगायचं यावर मी बरीच वर्षं डोकं खाजवलं आहे. पुस्तकात जीडब्ल्यूपीचा तक्ता आहे, म्हणजे एसी-फ्रिजमधला कुठला गॅस कार्बन डायऑक्साइडच्या किती पट पृथ्वी तापवतो त्याचा. कार्बन डायऑक्साइड १, आर-२२ चा १८१०, आर-४१०ए चा २०८८, आर-३२ चा ६७५, आर-२९० चा साधारण ३. पोरं तो पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि वर्कशॉपमध्ये येऊन पाइप कापतात, फुस्स! आकडा कानापर्यंत पोचतच नाही. म्हणून चार वर्षांपूर्वी मी वजनकाटा आणला. माझ्या पैशांनी, लोहार चाळीतून.

वर्कशॉपमध्ये एक जुना विंडो एसी आहे, आर-२२ चा. पहिला धडा त्याच्यावर. रिकव्हरी मशीन जोडायचं, गॅस ओढून सिलिंडरमध्ये घ्यायचा आणि सिलिंडर काट्यावर ठेवायचा. सुरू करायच्या आधी काटा शून्यावर आणायचा आणि सगळ्यांनी आकड्याकडे बघत बसायचं. सुरुवातीला भराभर चढतो, मग रांगायला लागतो. पहिल्या वेळी सहाशे चाळीस ग्रॅमवर थांबला. मग मी फळ्यावर गुणाकार करायला लावतो. ०.६४ गुणिले १८१०. अकराशे अठ्ठावन्न किलो कार्बन डायऑक्साइडएवढा परिणाम. तरी चेहरे कोरेच असतात, कारण अकराशे किलो कार्बन डायऑक्साइड कोणी बघितलाय? मग पुढचं. एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण २.३ किलो निघतो. म्हणजे हे झालं पाचशे लिटर पेट्रोल. "तुझी स्कूटर किती देते रे?" "पंचेचाळीस, सर." पाचशे गुणिले पंचेचाळीस, साडेबावीस हजार किलोमीटर. मुंबईहून कन्याकुमारीला जाऊन परत यायचं, असं सात वेळा.

एवढं झालं की वर्गात एक विचित्र शांतता पसरते. मग कोणीतरी म्हणतं, "सर, एका मशीनमध्ये?" हो बाबा, एका मशीनमध्ये. आणि तू परवा घरी मामाच्या मशीनचा नट सैल केलास ना, त्यातही.

या रिकव्हरी मशीनची वेगळीच कथा आहे. आमच्याकडे ते आलं, त्यानंतर दीड वर्ष खोक्यातच होतं. कारण डेड स्टॉक रजिस्टरमध्ये नोंद झाली होती, पण 'पोरांच्या हातात दिलं आणि बिघडलं तर जबाबदारी कोणाची' यावर कोणी सही करत नव्हतं. दीड वर्ष मी पोरांना खोक्यावरचं चित्र दाखवून रिकव्हरी शिकवली. शेवटी वैतागून मीच 'जबाबदारी माझी' असं लिहून दिलं. ते दोनदा बिघडलं, दोन्ही वेळा आम्हीच उघडून दुरुस्त केलं, आणि खरं सांगायचं तर त्या दुरुस्तीत पोरं जेवढी शिकली तेवढी माझ्या तासाला शिकली नसती.

मी स्वतः कसा शिकलो, तेही सांगायला हवं, नाहीतर वाटेल हा मोठा पर्यावरणवाला.

१९९६ ला आयटीआय पास झालो आणि एका उस्तादांच्या हाताखाली लागलो. फोर्ट, नरिमन पॉइंट, बॅलार्ड इस्टेट, सगळी जुनी ऑफिसं आणि खिडकीखिडकीत विंडो एसी. मशीन खाली उतरवायचं, प्रोसेस ट्यूब कापायची आणि बाजूला व्हायचं. पांढरी वाफ यायची, नळीवर बर्फ धरायचा. उस्ताद म्हणायचे, "हात लांब ठेव, भाजेल." थंडीने भाजतं हे मला तेव्हा कळलं. मला तो आवाज आवडायचा. काम सुरू झाल्याची ती खूण होती. फ्रिज असेल तर त्यात आर-१२ असायचा, तो तर आर-२२ च्या सहापट. आयटीआयच्या पुस्तकात ओझोनबद्दल एक परिच्छेद होता, दोन मार्कांना यायचा. ओझोनचा थर खाणारे वायू बंद करायचा माँट्रियल करार १९८७ चा, भारत त्यात १९९२ ला आला, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी जाऊन नळी कापली. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध आहे असं डोक्यातच आलं नाही.

उस्ताद आता कुर्ल्याला असतात, गुडघ्यांमुळे घरीच. मागच्या वर्षी भेटायला गेलो तेव्हा त्यांना मी वर्गातला हा गुणाकार सांगितला. ते गप्प बसले. मग म्हणाले, "आपण किती सोडला असेल रे?" विजेच्या बिलाच्या मागे आम्ही हिशोब मांडला. दिवसाला दोन मशीन. सीझन चार महिने. "पाच," उस्ताद म्हणाले, "ऑक्टोबर विसरलास." महिन्याचे पंचवीस दिवस, मशीनला अर्धा किलो. वर्षाला सव्वाशे किलो. दहा वर्षांचा सव्वा टन. त्याला १८१० ने गुणायचं.

"राहू दे," उस्ताद म्हणाले. थोड्या वेळाने, "तेव्हा कोणी सांगितलं असतं तर?" आणि मग स्वतःच, "सांगितलं असतं तरी ते ओढायचं मशीन आणलं असतं कुठून?"

मला हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पोरांना हवामान बदलाबद्दल सांगून भागत नाही. पाच जूनला झाड लावून फोटो काढून तर नाहीच नाही. त्यांच्या हातात काटा, मशीन आणि वेळ द्यावा लागतो. वेळाचं पुढे सांगतो, तो सगळ्यात महाग आहे.

आधी तारखा. मी वर्गात एक ओळ आखतो आणि प्रत्येकाला त्यावर स्वतःचं वय लिहायला लावतो. २०२५ ला सतरा. त्याच वर्षापासून देशात बनणाऱ्या नव्या मशीनमध्ये आर-२२ चालत नाही, आणि २०३० नंतर तो जवळजवळ बाजारातून जाईल. तेव्हा तू बावीस. त्याच्या जागी जे आर-४१०ए, आर-३२ आले त्यांनी ओझोनला धक्का लागत नाही, पण पृथ्वी तापते, म्हणून २०१६ ला रवांडातल्या किगालीला त्याच माँट्रियल करारात दुरुस्ती झाली. भारताने २०२१ ला ती मंजूर केली. त्याप्रमाणे २०२८ ला या वायूंच्या वापरावर आपल्याकडे मर्यादा येणार, तेव्हा तू वीस. २०३२ ला पहिली दहा टक्के कपात, तू चोवीस. आणि २०४७ पर्यंत पंचाऐंशी टक्के कपात. तेव्हा तू एकोणचाळीस, घरचे हप्ते फेडत असशील.

म्हणजे या पोरांच्या हयातीत तीनदा गॅस बदलणार. माझ्या उस्तादांनी अख्खं आयुष्य दोन गॅसवर काढलं. आता जो फक्त 'प्रेशर बघून भरायचं' एवढंच शिकेल तो तिशीत बाद होईल. आर-३२ थोडा ज्वलनशील आहे. आर-२९० म्हणजे चक्क प्रोपेन, घरच्या सिलिंडरात असतो त्यातलाच. त्याची नळी पूर्ण रिकामी न करता टॉर्च, म्हणजे जोड सांधायची ज्योत, लावली तर काय होईल, हे सांगायला नको. पण सांगतो, दर आठवड्याला सांगतो. आणखी एक गोष्ट मी भिंतीवर लाल रंगाने लिहून ठेवली आहे, 'प्रेशर टेस्टला फक्त नायट्रोजन. ऑक्सिजन कधीही नाही.' कंप्रेसरचं तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो. आणि साइटवर ब्रेझिंगसाठी, म्हणजे तांब्याच्या नळ्या ज्योतीने सांधायला, ऑक्सिजनचा सिलिंडर हाताशी असतोच, नायट्रोजनचा मात्र 'गाडीत राहिलेला' असतो.

केंद्राने मार्च २०१९ मध्ये शीतकरणाचा राष्ट्रीय आराखडा काढला, इंडिया कूलिंग ॲक्शन प्लॅन. त्यात एक लाख सर्व्हिस टेक्निशियनना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र द्यायचं उद्दिष्ट होतं. मला तो आराखडा आवडतो, कारण एवढ्या मोठ्या सरकारी कागदात माझ्या पोरांचा उल्लेख आहे. मुंबईच्या हवामान कृती आराखड्यातही, २०२२ ला आला तो, २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं लक्ष्य आहे. कागदावर सगळं नीट आहे. पण नळीचं तोंड गोल फुलवणारा हात कोणीतरी तयार करावा लागतो, आणि तो हात आराखडा वाचत नाही.

वर्गात पोरांना सगळ्यात जास्त आवडतो तो व्हॅक्यूमचा तास. जाड काचेच्या फ्लास्कमध्ये अर्धं पाणी, त्याला व्हॅक्यूम पंप. पंप सुरू केला की मिनिटा-दोन मिनिटांत पाणी उकळायला लागतं. खाली ना शेगडी, ना हीटर. भसाभस बुडबुडे. दरवर्षी सगळे मोबाइल बाहेर निघतात. एकदा टिटवाळ्याहून येणारा एक मुलगा ओरडला, "सर, आच नाही तरी उकळतंय!" मी त्याला फ्लास्कला हात लावायला सांगितलं. गार. हवेचा दाब काढला की पाणी खोलीच्या तापमानालाच उकळतं. एसीच्या नळीत आपण व्हॅक्यूम करतो ते याचसाठी, आत राहिलेला ओलावा उकळवून बाहेर काढायला. मुंबईच्या हवेत तो केवढा असतो, बघायचं असेल तर पावसाळ्यात बिस्किटाचा पुडा उघडा ठेवा. तो आत राहिला तर तेलाबरोबर आम्ल तयार होतं, कंप्रेसरची वाइंडिंग खातं आणि मशीन दोन-तीन वर्षांत जातं. त्याआधी वीज जास्त ओढतं ते वेगळंच. एक युनिट वीज म्हणजे आपल्या ग्रिडवर सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड.

तर व्हॅक्यूमला अर्धा-पाऊण तास लागतो. आणि बाहेर नेमका तोच कोणाकडे नसतो.

तो टिटवाळ्याचा मुलगा पास झाला, एका सर्व्हिस कॉन्ट्रॅक्टरकडे लागला. दोन महिन्यांनी रात्री फोन. "सर, दिवसाला नऊ कॉल देतात. व्हॅक्यूम करू देत नाहीत. पर्जिंग मार म्हणतात." पर्जिंग म्हणजे एका बाजूने थोडा गॅस सोडायचा, तो नळीतली हवा ढकलत दुसऱ्या बाजूने निघून जातो, नट आवळायचा, झालं. तीस सेकंदांचं काम. हवाही नीट जात नाही, ओलावा तर नाहीच, आणि थोडा गॅस फुकट.

मी त्याला काय सांगणार होतो? मालकाला जाऊन जीडब्ल्यूपी समजाव? पहिल्या महिन्याचा पगार हातात यायचा होता. मी त्याला सांगितलं, मालकाला पृथ्वीचं काही सांगू नकोस. परत आलेल्या कॉलचं सांग. एका महिन्याची वही ठेव, पर्जिंग केलेली किती मशीन तक्रार होऊन परत आली आणि व्हॅक्यूम केलेली किती. परतीचा कॉल फुकटात करावा लागतो, ही भाषा मालकाला कळते. त्याने वही ठेवली. पुढे काय झालं? नव्या इन्स्टॉलेशनला व्हॅक्यूम करायला परवानगी मिळाली, जुन्या मशीनना नाही. अर्धी लढाई. मला ती चालते.

त्याच फोनवर मी त्याला दुसरं विचारलं, बेल्ट देतात का. तो गप्प. अकराव्या मजल्याच्या छज्ज्यावर, एका हाताने ग्रिल धरून आउटडोअरचा पंखा उघडणारी पोरं तुम्ही मुंबईत कुठेही मान वर करून बघा. 'ग्रीन जॉब' या शब्दाचा मला राग येत नाही, पण तो शब्द वापरणाऱ्यांच्या चर्चासत्रात हा छज्जा मी अजून एकदाही पाहिला नाही. आमच्याकडे पहिल्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात बेल्ट बांधायची परीक्षा आहे. अभ्यासक्रमात तिला फार मार्क नाहीत. नापास झालं तर मी टॉर्च हातात देत नाही, एवढंच.

या वर्षी माझ्या चोवीसच्या तुकडीत दोन मुली आहेत. मुलींसाठी तीस टक्के जागा राखीव असतात, पण आमच्या ट्रेडला त्या भरत नाहीत. त्यांतली घाटकोपरची मुलगी ब्रेझिंग असं करते की जोड शोधावा लागतो. वजनकाट्याच्या तासाला तिने विचारलं, "सर, आपण सहाशे ग्रॅम वाचवले. भंगारात जातात त्या मशीनचं काय?" तिच्या गल्लीत भंगारवाला आहे. तिने पाहिलेलं, तो सगळ्यात आधी तांब्याची नळी कापतो. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, एसी-फ्रिज त्यात येतात, उत्पादकावर जबाबदारी आहे, हे सगळं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "ते ठीक आहे सर, पण तो तर तांबं किलोवर विकतो." माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्याच कपाटात आम्ही ओढून घेतलेला अकरा किलो आर-२२ पडून आहे आणि तो शुद्ध करायला कुठे पाठवायचा याची पत्रापत्री सुरू आहे. मुलीने सिलिंडरवर चिठ्ठी चिकटवली आहे, 'वापरलेला आर-२२. कृपया सोडू नये.' तो 'कृपया' मला फार आवडला.

कॉलेजात शेवटी प्रश्न आलाच. एका बाबांनी विचारला. "पगार किती?" मी खरा आकडा सांगितला. सुरुवातीला पंधरा-सोळा हजार, पेट्रोल वेगळं. सभागृहात पडलेले चेहरे दिसले. पुढचंही सांगितलं. पाच-सहा वर्षांनी स्वतःची गाडी, स्वतःचं गिऱ्हाईक, मोठ्या चिलर प्लँटवर गेलात तर आणखी चांगलं, आणि हे काम मुंबईत तरी संपत नाही. मे महिन्यात तुम्ही डॉक्टरची अपॉइंटमेंट मिळवाल, एसीवाल्याची नाही. शेजारच्या वीजतंत्री ट्रेडचे सर पोरांना रूफटॉप सोलरवर पाठवतात. २०२४ च्या पीएम सूर्य घर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे, त्यामुळे मागणी आहे. त्यांची तक्रार वेगळी. पॅनल दोन दिवसांत बसतं, सोसायटीची मीटिंग सहा महिने चालते, आणि गच्चीवर आधीच पाण्याच्या टाक्या नि मोबाइलचा टॉवर. त्यांनी स्वतः लिहावं यावर, मी किती सांगणार.

तिसऱ्या रांगेतल्या त्या ताईंनी माझा नंबर घेतला होता. ऑक्टोबर हीट सुरू झाली आणि फोन आला. "सर, परत थंड करत नाहीये. तुम्ही म्हणालात ना भोक आहे, मग शोधून द्या." मुलुंडलाच घर, माझ्यापासून दोन स्टॉपवर. मी टिटवाळ्याच्या मुलाला बोलावलं, रविवारी तो स्वतःची कामं घेतो. मीही गेलो, बघायला.

त्यांची बिल्डिंग नाल्याला लागून. मी मनात म्हटलं, कॉइल गेली. मिठीच्या काठाने पवईपासून माहीमपर्यंत कुठल्याही एसीवाल्याला विचारा, नाल्यातून येणारा वायू तांबं काळं करतो आणि दोन-तीन वर्षांत कॉइलला सुईएवढी छिद्रं पडतात. नाला साफ झाला तर किती गॅस वाचेल, हा हिशोब कोणी करत नाही. पण मुलाने माझ्यासारखा अंदाज बांधला नाही. त्याने भांडी घासायच्या साबणाचं पाणी मागितलं आणि एकेक जोड ब्रशने ओला करत गेला. ताईंचा बारावीतला मुलगा टॉर्च धरून उभा. त्याचा क्लास होता अकराला, तो गेला नाही.

टिटवाळ्याचा मुलगा इनडोअरच्या मागच्या फ्लेअर नटवर, म्हणजे नळीच्या फुलवलेल्या तोंडाच्या जोडावर, थांबला. काहीच नाही. मग हळूच मोहरीएवढा एक बुडबुडा. फुगला, फुटला, परत आला.

"हा बघ," तो टॉर्चवाल्याला म्हणाला.

पुढचं काम दीड तासाचं. लिक्विड व्हॉल्व्ह बंद करून उरलेला गॅस आउटडोअरमध्ये गोळा केला, गेजचा काटा शून्याला टेकायच्या जरा आधी थांबवला. नट उघडल्यावर फ्लेअर एका बाजूला चिरलेलं निघालं. बसवणाऱ्याने घाईत जोरात आवळलं असणार. नवं तोंड फुलवलं, तेलाचा थेंब लावला, टॉर्क पान्याने आवळलं. नायट्रोजन भरून अर्धा तास काट्याकडे बघत बसलो, ताईंनी पोहे दिले. मग व्हॅक्यूम, पूर्ण पाऊण तास. मी घड्याळ लावलं होतं, त्याला न सांगता. शेवटी सिलिंडर काट्यावर ठेवून, प्रेशर आणि ॲम्पिअर बघत थोडा थोडा आर-३२. तीनशे दहा ग्रॅमवर थांबला.

बिल झालं दोन हजार दोनशे. ताईंनी दर वर्षी अठ्ठावीसशे दिले होते, तीन वर्षं. तरी त्यांनी कागदाकडे पाहिलं, मग काट्याकडे.

"अरे, गॅस तर तीनशेच ग्रॅम भरलास. मग दोन हजार दोनशे कसे?"

मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

"काकू," तो म्हणाला, "गॅसचे पाचशेच आहेत. बाकीचे पुढच्या वर्षी न येण्याचे."

काकू हसल्या. आणि दोन हजार दिले.